गाण्यांतला चढउतार आणि संगणकाचा हात

गाणें ऐकणाऱ्याला आवाजाची कळ हातांत धरून बसावें लागूं नये, ही नभोवाणीची फार जुनी काळजी आहे. एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होतांना आवाज एकदम अंगावर आला, किंवा वक्ता इतका हळू बोलूं लागला कीं त्याचे शब्द कानापर्यंत पोंचेनात, तर श्रोता उठतो, कळ फिरवितो आणि पुन्हा येऊन बसतो. दोनदां असें झालें म्हणजे तिसऱ्या वेळीं तो यंत्रच बंद करतो. हें होऊं नये म्हणून नभोवाणीच्या केंद्रावर एक माणूस बसविलेला असे. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें केंद्र सुरू झालें, तेव्हां तेथेंही ही व्यवस्था ओघानेंच आली. काचेच्या पलीकडे गायक, अलीकडे हा माणूस. समोर सुई हलणारें मापक, हाताखालीं आवाज कमीजास्त करण्याची कळ. श्रोत्यांना त्याचें नांव कधीं कळत नसे, आणि काम नीट झालें असेल तर काम झालें हेंही कळत नसे.

त्याचें काम आतां संगणकावरचीं साधनें करूं लागलीं आहेत. गाण्याचें मिश्रण करतांना आवाज आपोआप सारखा राखणारीं हीं साधनें आज मोठ्या ध्वनिमुद्रणालयांपुरतीं राहिलेलीं नाहींत. नागपुरांतल्या एखाद्या घरीं आजोबांच्या जुन्या ध्वनिफिती संगणकावर उतरवून घेणारा महाविद्यालयीन नातूही तीं सर्रास वापरतो. म्हणून त्या काचेअलीकडच्या माणसाला जें कळत होतें, तें या यंत्रांना कितपत कळतें, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाहीं. ज्याला गाण्याची आवड आहे आणि ज्याच्या कपाटांत चार जुन्या कॅसेट पडलेल्या आहेत, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

त्या माणसाच्याही पूर्वीं हें काम गायक स्वतःच करीत. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजाननें ध्वनिमुद्रिकेसाठीं गाणें म्हटलें, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. पत्र्याच्या कर्ण्यासमोर तोंड धरून गावयाचें आणि आवाजाच्याच जोरावर सुईनें मेणांत रेघ ओढावयाची, असा तो प्रकार. तार षड्ज लावतांना मान मागें घ्यावी, मंद्रांत उतरतांना पुढें सरकावें, ही कसरत त्या काळच्या गवयांना अंगवळणीं पाडून घ्यावी लागली. १९२५ च्या सुमारास विजेचें ध्वनिमुद्रण आलें आणि मान हलविण्याचें काम बोटांकडे गेलें. पुढें त्या बोटांच्या मदतीला लिमिटर आणि कंप्रेसर हीं यंत्रें आलीं.

लिमिटर म्हणजे काय, हें नागपूरकरांना समजावून सांगणें सोपें आहे. अंबाझरी तलाव भरला म्हणजे सांडव्यावरून पाणी पडूं लागतें. पाऊस कोणत्या नक्षत्राचा आहे याची चौकशी सांडवा करीत नाहीं. पाणी ठराविक उंचीवर आलें कीं तें बाहेर जाणार, एवढेंच तो जाणतो. लिमिटर तसाच आहे. आवाज ठराविक मर्यादेला पोंचला कीं वरचा भाग तो दाबून टाकतो. कंप्रेसर थोडा सौम्य. मर्यादेच्या वर गेलेल्या आवाजाला तो कापून न टाकतां ठरलेल्या प्रमाणांत आवळतो. चार डेसिबल वाढ झाली तर एकच डेसिबल पुढें जाऊं देतो, असें कांहीं. दोघांचेंही काम सेकंदाच्या अल्पांशांत चालतें, आणि दोघांनाही गाण्याचा चरण कोठें सुरू झाला व कोठें संपला याच्याशीं कर्तव्य नसतें.

नव्या साधनांची रीत याहून वेगळी आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. संगणकावर गायक, तबला, पेटी, तंबोरा असा प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर ठेवलेला असतो. वेव्हज या कंपनीचें व्होकल रायडर नांवाचें साधन गायकाच्या ट्रॅकवर बसवितात. गायकाचा आवाज साधारण कोणत्या पातळीवर असावा हें त्याला सांगावयाचें, आणि त्या पातळीच्या वरखालीं किती डेसिबल हात हलविण्याची मुभा आहे हेंही सांगावयाचें. मग तें साधन, नियंत्रणकक्षांतील माणसानें कळ सरकवावी त्याप्रमाणें, शब्दामागून शब्द आवाज वरखालीं करीत जातें. साथीचा आवाज त्याला ऐकविण्याची सोय आहे. साथ चढली तर गायकालाही तें थोडें उचलून धरतें. सगळ्यांत चांगली गोष्ट अशी, कीं त्यानें केलेली प्रत्येक हालचाल रेघेच्या रूपानें संगणकावर लिहून ठेवतां येते, आणि मागाहून जाणत्या माणसाला ती रेघ हातानें दुरुस्त करतां येते. येथें यंत्र आपला हिशेब दाखवितें. कंप्रेसरनें एकदां आवळून पक्कें केलेलें ध्वनिमुद्रण मात्र पुन्हा नीटसें सोडवितां येत नाहीं.

भाषण आणि चर्चा यांच्या बाबतींत या यंत्रांनीं खरोखर उपकार केले आहेत, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. चौघांची चर्चा असली आणि चौघांपुढें चार मायक्रोफोन उघडे असले, तर बोलणारा एकच असतो, पण खोलीचा घुमारा, कागदांची सळसळ आणि पंख्याची घरघर चारही मायक्रोफोनांतून येते. अमेरिकेंतील डॅन डुगन या ध्वनितज्ज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत यावर एक सुरेख तोड काढली. चारही मायक्रोफोनांना मिळून एकाच मायक्रोफोनाइतका वांटा द्यावयाचा, आणि ज्याच्यापुढें अधिक बोललें जात असेल त्याला त्या प्रमाणांत त्यांतला अधिक भाग द्यावयाचा. एकटा बोलूं लागला कीं जवळजवळ सगळा वांटा त्याचा. दोघे बोलले तर दोघांचा. ऑस्ट्रियांतील ग्रात्स येथून चालणारी ऑफोनिक ही सेवा तर आलेल्या ध्वनिमुद्रणांत भाषण कोणतें आणि संगीत कोणतें हें आपलें आपण ओळखून दोघांना निरनिराळी वागणूक देते. बोलण्यांत अर्थ मुख्यतः शब्दांत असतो. ते सगळे सारख्या पातळीवर ऐकूं आले तर बिघडत फारसें कांहीं नाहीं.

गाण्याचें तसें नाहीं. पण गाण्याकडे वळण्यापूर्वीं दोन निराळ्या गोष्टींची एक गल्लत दूर करावी लागेल. आवाज मोजण्याचें आंतरराष्ट्रीय प्रमाण २००६ सालीं ठरलें. बीएस-१७७० हें त्याचें नांव. नुसती विजेची उंची न मोजतां कानाला आवाज किती मोठा वाटतो याच्या अनुरोधानें तें माप घेतें. ध्वनिमुद्रणाचे ४०० सहस्रांश सेकंदांचे एकमेकांवर चढलेले तुकडे पाडून, त्यांतील अगदीं निःशब्द तुकडे वगळून, तें सरासरी काढतें. त्या मापाला एलयूएफएस म्हणतात. युरोपांतील नभोवाणी संस्थांनीं २०१० सालीं आपल्या कार्यक्रमांसाठीं उणे २३ ही पातळी ठरविली. स्पॉटिफाय आणि यूट्यूब यांसारख्या सेवा उणे १४ च्या आसपास चालतात. जाहिरातींचा आवाज अंगावर येतो या तक्रारीपोटीं अमेरिकेंत २०१० सालीं कायदा झाला, आणि आपल्याकडील केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतही जाहिरातींनीं वाजवीपेक्षां मोठ्यानें ओरडूं नये असें कलम आहे. या सगळ्यांत संपूर्ण गाणें एकदमच वर उचललें किंवा खालीं आणलें जातें. गाण्याच्या पोटांतला चढउतार जसाच्या तसा राहतो. तसबीर भिंतीवर चार बोटें खालीं टांगली म्हणून तींतले रंग बदलत नाहींत. अडचण एवढीच, कीं चढउतार मोठा असलेलें गाणें फार वर उचललें तर तबल्याचे ठोके छताला लागतात आणि तेथें लिमिटर मध्यें पडतो.

खरा प्रश्न उभा राहतो तो गाण्याच्या पोटांत शिरून पातळी सारखी करणाऱ्या साधनांपाशीं. आवाज लहान आहे हें यंत्र अचूक मोजतें. तो कां लहान आहे, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. गायक मायक्रोफोनपासून दूर सरकला म्हणून लहान झालेला आवाज आणि गायकानें मुद्दाम आंत ओढून घेतलेला आवाज, मापकाच्या दृष्टीनें दोन्ही एकच. पहिला दोष आहे, दुसरा गाणें आहे.

डॉ. वसंतराव देशपांडे यांचें उदाहरण नागपूरच्या श्रोत्यांना जवळचें वाटेल. १९२० सालीं मूर्तिजापुरास जन्मलेल्या वसंतरावांचें बालपण नागपुरांत गेलें, शंकरराव सप्रे यांच्याजवळ त्यांचें गाण्याचें पहिलें शिक्षण येथेंच झालें, आणि सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला आज त्यांचेंच नांव आहे. १९६७ सालीं ‘कट्यार काळजात घुसली’मधील खांसाहेब ज्यांनीं पाहिला त्यांना हा आवाज कसा चाले तें सांगण्याची गरज नाहीं. जवळ बसलेल्यालाच ऐकूं जाईल अशा बारीक स्वरावरून तो कांहींही पूर्वसूचना न देतां तिन्ही सप्तकांत झेपावत असे, आणि तितक्याच अनपेक्षितपणें परतत असे. त्या झेपेंतली निम्मी गंमत आधींच्या बारीकपणांत होती. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटावयास साधारण दहा डेसिबलांची वाढ लागते. पातळी राखणाऱ्या साधनाला वरखालीं सहा सहा डेसिबलांची मुभा दिली, तर बारीक स्वर सहानें वर येतो, झेप सहानें खालीं बसते, आणि मधलें बारा डेसिबलांचें अंतर नाहींसें होतें. एकही स्वर चुकलेला नसतो, एकही शब्द गळलेला नसतो. तरी ज्यांनीं मूळ बैठक ऐकली त्यांना कांहींतरी हरवल्यासारखें वाटतें, आणि काय हरवलें तें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं.

विलंबित ख्यालांत आणखी एक घोटाळा होतो. गायक मंद्रांत आलाप करीत असतां साधन आवाज वर उचलून ठेवतें. तो श्वासासाठीं थांबला कीं त्या उचललेल्या पातळीवर तंबोरा फुगून पुढें येतो, पाठोपाठ पंखा येतो, कोणाचें तरी खाकरणें येतें. आणि गायक भरल्या आवाजानें समेवर आला कीं हें सगळें एकदम मागें जातें. गाण्यालाच धाप लागल्यासारखें ऐकूं येतें. शांततेच्या जागीं हात आवरून धरण्याची सोय चांगल्या साधनांत असते, हें खरें. पण मंद्र षड्जावर स्थिरावलेला गळा आणि तंबोऱ्याची खर्जाची तार यांचा स्वर एकच. तो तंबोऱ्यांत विरून जावा हीच गवयाची साधना असते. तेथें गाणें चालू आहे कीं शांतता आहे हें यंत्रानें कशावरून ठरवावें?

कांहीं साधनें एकेक स्वर सुटा करून त्याची पातळी सारखी करतात. मेलोडाइनच्या २०२० सालच्या पांचव्या आवृत्तींत अशी सोय आली: मोठे स्वर लहान, लहान स्वर मोठे. पेटीच्या किंवा पियानोच्या पट्ट्यांसारखे ज्या गाण्यांतले स्वर एकमेकांपासून वेगळे उभे असतात, तेथें ती उपयोगी पडते. मींडेंत एक स्वर कोठें संपला आणि दुसरा कोठें सुरू झाला, हें सांगणें मात्र गवयालाही जड जाईल. नभोवाणीनें स्वतः पूर्वीं याच कारणासाठीं पेटीशीं भांडण मांडलें होतें. तिच्या पट्ट्यांना मींड घेतां येत नाहीं म्हणून १९४० सालीं आपल्या कार्यक्रमांतून तिला बाहेर काढलें, आणि तो बहिष्कार सुमारें तीस वर्षें टिकला. तो निर्णय शहाणपणाचा होता असें म्हणवत नाहीं. परंतु ज्या दोषाबद्दल पेटीला इतकी वर्षें उंबऱ्याबाहेर उभें केलें, तो या नव्या पाहुण्यांत आहे कीं नाहीं, एवढें तरी पाहावयास हरकत नसावी.

शास्त्रीय संगीत बाजूला ठेवलें तरी अडचण सुटत नाहीं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं विदर्भांत खंजिरीचें भजन घरोघरीं पोंचविलें. म्हणणारा आणि खंजिरी वाजविणारा एकच, पुष्कळदां मायक्रोफोनही एकच. खंजिरीची थाप क्षणभराची पण फार टोंकदार असते. एकाच ट्रॅकवर दोन्ही आवाज असले तर साधन थापेला दचकतें आणि तिच्याबरोबर शब्दालाही खालीं दाबतें. थाप सरली कीं शब्द पुन्हा वर येतो. नामाच्या ठेक्यावरच शब्द बुडूं लागला तर भजनाचें राहिलें काय? यावर तोड म्हणून गळा आणि वाद्य वेगळे काढून देणारीं नवीं साधनें पुढें केलीं जातात. तीं आश्चर्यकारक आहेत, पण त्यांचें शिक्षण मुख्यतः पाश्चात्य गाण्यांवर झालेलें आहे. या संशोधनांत फार वापरला जाणारा एमयूएसडीबी-१८ हा संग्रह १५० गाण्यांचा, आणि त्यांत खाने चार: गळा, ड्रम, बास आणि इतर. आपली पेटी, सारंगी, तंबोरा, एकतारी हें सगळें गणगोत ‘इतर’ या एका खोलींत दाटीवाटीनें बसतें, आणि खंजिरीला ड्रमच्या खोलींत जागा मिळते कीं नाहीं हें तिच्या नशिबावर.

आतां श्रोत्याची बाजू. ती कमी वजनाची नाहीं. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपुढें जातो. पूर्वीं खिडकीला वाळ्याच्या ताट्या असत आणि दुपार निःशब्द असे. आतां खिडकींत कूलर असतो आणि त्याची घरघर सकाळपासून रात्रीपर्यंत थांबत नाहीं. त्या खोलींत मंद्रांतला आलाप लावला तर तो ऐकूंच येत नाहीं, आणि तो ऐकूं यावा एवढी कळ फिरविली तर द्रुतांत शेजारी दार ठोठावतात. मोटारींत, आगगाडींत, स्वयंपाकघरांत हीच गत. हीं साधनें निघालीं तीं अशा श्रोत्यांसाठीं, आणि त्यांना ‘शांत खोलींत बसून ऐका’ असें सांगणें म्हणजे कूलर बंद करून ऐका असें सांगणें होय. नागपूरच्या उन्हाळ्यांत तें कोणी ऐकणार नाहीं, ऐकूंही नये.

मग हा सपाटपणा करावयाचा कोठें, एवढाच मुद्दा उरतो. उगमापाशीं केला तर तो सगळ्यांवर लादला जातो, कायमचा लादला जातो. श्रोत्याच्या टोंकाला केला तर ज्याच्या घरीं कूलर आहे त्याला तो मिळतो, आणि दिवाळीनंतर तोच श्रोता तो काढून टाकूं शकतो. ही केवळ कल्पना नाहीं. अंकीय प्रक्षेपणांत आवाजाबरोबर त्याच्या पातळीची माहितीही पाठवितां येते, आणि घरचें यंत्र त्या माहितीच्या आधारें चढउतार कमी करून ऐकवितें. गाणें मात्र पूर्ण चढउतारासहच आलेलें असतें. एक्स-एचई-एएसी या ध्वनिसंकेतांत ही सोय मुळांतच आहे, डीआरएम या अंकीय नभोवाणीनें तो संकेत स्वीकारला आहे, आणि आकाशवाणीनेंही डीआरएमचे क्षेपक उभारलेले आहेत. कित्येक दूरचित्रवाणी संचांवर रात्रीं हळू आवाजांत ऐकण्यासाठीं जी कळ असते, ती याच जातीची.

तोंवर घरोघरीं चाललेल्या कामाची चिंता अधिक वाटते. खाजगी बैठकींच्या, लग्नांतल्या गाण्यांच्या, गणेशोत्सवांतल्या कार्यक्रमांच्या ज्या फिती कपाटांत आहेत, त्यांची बहुधा दुसरी प्रत कोठेंही नसते. त्या संगणकावर उतरवितांनाच पातळी सारखी करणारें साधन चालू ठेवलें, आणि काम झालें म्हणून मूळ फीत रद्दींत गेली, तर त्या गायकानें त्या रात्रीं स्वर किती बारीक लावला होता याचा एकमेव पुरावा नाहींसा होतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा यासंबंधीं दंडक स्पष्ट आहे: जुनें ध्वनिमुद्रण उतरवितांना सेकंदाला निदान ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा घ्यावा, आणि या मूळ प्रतींत आपल्या आवडीनिवडीप्रमाणें कांहींही सुधारूं नये. २४ बिटांत इतकी ऐसपैस जागा असते कीं अगदीं हळू स्वरही कोणतीं साधनें न लावतां सुखानें मावतो. उतरवितांना मापकाचा कांटा थोडा खालींच ठेवला तरी चालतें.

ही प्रत बाजूला ठेवून दिली, कीं ऐकण्यासाठीं दुसरी हवी तशी करावी. तीही करतांना वरखालीं दोन-तीन डेसिबलांहून अधिक मुभा देऊं नये, आलापापुरतें साधन बंद ठेवावें, बंदिश सुरू झाली कीं लावावें, आणि शेवटीं संगणकानें काढलेली रेघ ज्याला ती बंदिश येते अशा कोणाला तरी शेजारीं बसवून एकदां तपासून घ्यावी. दोन्ही प्रतींच्या नांवांत ‘मूळ’ आणि ‘सारखी केलेली’ असे शब्द घालावेत, सारखी केलेल्या प्रतीवर साधनाचें नांव आणि तारीख टाकावी, आणि फीत रद्दीवाल्याला देऊं नये.